तुटक रेघ

“हे चित्र कोणी काढलं?” असं तिनं विचारलं आणि मी म्हणालो, “ठाऊक नाही. जुनं आहे.”

एवढंच घडलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. तिकीट खिडकीवरच्या बाई डबा खायला निघाल्या होत्या आणि मी वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग सेक्शनमधून पाय मोकळे करायला खाली उतरलो होतो. पाच मिनिटं बसता का, असं त्यांनी विचारलं म्हणून बसलो. नसती उठाठेव. खिडकीपलीकडे कंडक्टरच्या गणवेशातली एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीच्या आतबाहेरची, खांद्याला चामडी पिशवी, सुट्ट्या नाण्यांनी काळपट झालेली बोटं, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात धावत आली असावी. तिनं तिकीट मागितलं नाही, काचेवर चिकटवलेल्या नमुन्याच्या तिकिटावर बोट ठेवलं. आमच्या संग्रहालयाच्या प्रत्येक तिकिटावर ते चित्र आहे. फाटकावर आहे, पत्राच्या कागदावर आहे, साहेब लोकांच्या चहाच्या कपांवरसुद्धा आहे. एक लाकडी पावा, वर जाड तोंड, अंगावर ओळीनं सहा भोकं, टोकाला किंचित फुगीर. हाकारी. नदीवर नावा चालायच्या तेव्हा नावाडी ती धुक्यात वाजवत, म्हणजे समोरून येणाऱ्या नावेला कळावं की इकडे आम्ही आहोत. पूल झाला, नावा गेल्या, हाकारी गेली. उरलं ते माझं चित्र.

“माझे वडील वाजवायचे ही,” ती म्हणाली. “नावाडी होते. मागे तुमच्या कार्यक्रमात त्यांना खुर्चीवर बसवलं होतं ना तुम्ही लोकांनी, ते.” तुम्ही लोकांनी, हे तिनं जरा ठासून म्हटलं. मग भराभर बोलत गेली, पाठ करून आल्यासारखी. “त्यांचं म्हणणं, हाकारीला तीनच भोकं. वरची. खालची तीन नसतातच. तुमच्या मॅडम म्हणाल्या, आजोबा, चित्रात सहा आहेत. घरी आले ते गप्पच. आठ दिवसांनी मला म्हणतात, चित्र कशाला खोटं बोलेल, मीच खोटा. तेव्हापासून कशावरच भरवसा नाही त्यांचा. ही खोली आपलीच का, विचारतात. माझं नाव बरोबर घेतात आणि वर विचारतात, हेच ना गं तुझं नाव? उद्या अकराला डॉक्टरांकडे न्यायचंय. डॉक्टर म्हणाले, डोकं जात चाललं असेल तर घरी एकटं ठेवू नका, अशांसाठी संस्था असतात. मी दिवसभर बसवर. म्हटलं, सही करायच्या आधी एकदा विचारून घ्यावं. ज्यानं काढलं त्यालाच. सहा असतील तर सहा, मी समजेन बाबांचं संपलं. पण तीन असतील तर साहेब, त्यांना मी कुठंही पाठवणार नाही.”

मी म्हणालो, “ठाऊक नाही. जुनं आहे.” ती म्हणाली, “खाली सही आहे की बारीक.” मी म्हणालो, “ती कधीकधी छापणाऱ्याची असते.” एक खोटं बोललं की दुसरं आपसूक त्याच्या मागे येऊन उभं राहतं, त्याला बोलवावं लागत नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवीतला तिकिटाचा एक तुकडा फाडून त्यावर पत्ता लिहिला, काचेखालून सरकवला. “कोणी सापडलं तर सांगा. अकराच्या आत.” आणि गेली. बाहेर तिच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा मी तो तुकडा खिशात घातला.

वर येऊन टेबलाशी बसलो. समोर एका खापराचं चित्र अर्धवट होतं. चौतीस वर्षं मी हेच करतोय. जमिनीतून, माळ्यावरून, कुणाच्या अडगळीतून काहीतरी मोडकं येतं आणि मी ते मोजतो, पेन्सिलीनं कागदावर उतरवतो, मग शाईनं पक्कं करतो. हात कधी थरथरला नाही, त्याचाच तर मला तोरा. आमचा फोटोग्राफर मला रेघोबा म्हणतो. कॅमेरा आला तरी या रेघोबाचं दुकान चालू, अशी त्याची थट्टा असते आणि मीही ऐकवतो, तुझा कॅमेरा दिसतं तेवढंच दाखवतो, मी कळलेलंही दाखवतो. आज ते वाक्य आठवलं. कळलेलं. काय कळलं होतं मला? पेन शाईत बुडवलं, कागदावर टेकवलं, आणि खापराच्या कडेवर एक टिपका पडला. तो पसरत गेला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. टिपकागद हाताशी होता, तरी.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. आम्ही सगळेच त्यांना मास्तर म्हणायचो, सेक्शनचे प्रमुख होते म्हणून नव्हे, हातावर पट्टी मारायचे म्हणून. पंचविशीतल्या बाप्याच्या हातावर लाकडी फूटपट्टी. त्यांचा एक नियम होता, तो आमच्या साऱ्या धंद्याचाच नियम आहे, पण त्यांच्या तोंडून तो धमकीसारखा यायचा. “जे डोळ्यांनी पाहिलं, ते सलग रेघेनं. जे पाहिलं नाही, नुसता अंदाज आहे, ते तुटक रेघेनं. आणि अंदाजही नसेल तर कागद कोरा सोड, कागदाला राग येत नाही.” मडक्याचा फुटलेला गळा तुटक रेघेनं. मूर्तीचा गेलेला हात तुटक रेघेनं. बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की इथपर्यंत वस्तू आहे आणि इथून पुढे हा माणूस बोलतोय. मी त्यांचा लाडका होतो. माझ्या तुटक रेघासुद्धा देखण्या, असं ते एकदा म्हणाले होते, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे मला अजून उलगडलेलं नाही.

हाकारी आली ती एका जुन्या धक्क्यावरच्या खोलीतून. फडक्यात गुंडाळलेली, वरचा अर्धा भाग फक्त, खाली लाकूड चिरफळून तुटलेलं. जाड तोंड होतं, तीन भोकं होती. बोटं टेकून टेकून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. मी ती मोजली, पेन्सिलीनं काढली, आणि खालचा भाग तुटक रेघेनं पुरा केला. पावा म्हटला की वर तीन, खाली तीन, एका हाताला तीन बोटं, दुसऱ्या हाताला तीन. दुसरं काही डोक्यात यायचंच नाही. वाजवणाऱ्याचा दुसरा हात दुसऱ्या कामात असेल, हे टेबलाशी बसणाऱ्या माणसाला कशाला सुचतंय? माझे दोन्ही हात नेहमी एकाच कागदावर असतात. इथवर चूक नव्हती. अंदाज होता आणि तो अंदाज म्हणून काढलेला होता. मग वरून निरोप आला की संग्रहालयाच्या नव्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हाकारी घालायची आहे, शाईनं पक्की करून द्या. मास्तर तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. मी शाईचं पेन उचललं, वरचा भाग सलग काढला, आणि तुटक भागाशी येऊन थांबलो. आणि मग थांबलो नाही. रेघ तशीच खाली ओढत नेली, एका दमात, थेट टोकाच्या फुगीर भागापर्यंत. तीन भोकं भरली. छाया दिली. हात उचलला तेव्हा कागदावर एक पुरं वाद्य होतं, इतकं सुंदर की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मास्तर परतले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. चित्र हातात घेतलं, नाकाशी नेलं. “खालचा तुकडा सापडला का?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “हो.” “पाहिलास?” “पाहिला.” त्यांनी कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घातली. वस्तू ठेवायची कोठी दोन दालनं सोडून होती. उठून गेले असते तर मिनिटभरात खरंखोटं झालं असतं. गेले नाहीत. माझ्यावर विश्वास होता म्हणून गेले नाहीत की डोळ्यांना अजून नीट दिसत नव्हतं ते कबूल करायचं नव्हतं म्हणून, देव जाणे. दोन वर्षांत कोठीत कीड लागली, लाकडी वस्तू गेल्या, हाकारीची नोंद रद्द झाली. मास्तरही गेले. माझं चित्र मात्र फाटकावर चढलं. तेव्हापासून माझी चढती कमान. कुणी पाहुणा आला की साहेब ओळख करून देत, हे आमचे हाकारीवाले. मी हात जोडत असे. नाही म्हणजे, जोडायचे नाहीत तर काय करायचं?

आणि तीन आठवड्यांपूर्वीचा तो कार्यक्रम. मॅडमनी वाद्यं बनवणाऱ्या एका कारागिराकडून माझ्या चित्रावरून हाकारी घडवून घेतली होती, मापात मापं, सहाच्या सहा भोकं. मॅडम आमच्या संचालक, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कामाला वाघीण. म्हातारबाबांना शोधून काढलं तेही त्यांनीच. मी मागे खांबाशी उभा होतो. त्यांच्या हातात हाकारी दिली तेव्हा ते अगदी लहान मुलासारखे हसले. उजव्या हातानं ती तोंडाला लावली, तीन बोटं बरोबर जागेवर बसली, फुंकर मारली. फुस्स. नुसता वारा. पुन्हा. पुन्हा तेच. मग त्यांनी बोटानं खालची भोकं चाचपली आणि चेहरा गोंधळला. “हिला गळती आहे,” ते म्हणाले. “खालून वारा जातो. खालचा सूर लागायचा कसा? ही आमची नाही.” मॅडम अतिशय मायेनं म्हणाल्या, “आजोबा, हे मूळ वस्तूवरून काढलेलं चित्र आहे. तुम्हाला आता इतक्या वर्षांनी...” आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानं हसले, म्हातारपणाला हसतात तसे. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. उजवा हात हाकारीवर आणि डावा बाजूला, पण मोकळा सुटलेला नव्हता. कोपर अंगापासून दूर, मूठ अर्धी मिटलेली, आणि वाजवताना ती मूठ किंचित पुढे, किंचित मागे होत होती. मला वाटलं, म्हातारपणाचं थरथरणं. सभागृहातून जिना चढेपर्यंत मला तेच वाटत होतं. वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि कळलं. तो हात सुकाणूवर होता. हाकारी एका हातानंच वाजायची, कारण दुसऱ्या हातानं नाव हाकायची असायची. खाली भोकं कशाला असतील? कोणाच्या बोटांसाठी? हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला आज तीन आठवडे झाले. तीन आठवडे मी मूग गिळून बसलोय आणि तो माणूस लेकीला तिचं नाव विचारतोय.

संध्याकाळी घरी गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं, पुरुष सांगतात तसं. म्हटलं, त्या हाकारीच्या चित्रात एक चूक झालीय असं वाटतंय. मग स्वतःचीच बाजू घेत म्हटलं, “त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं? तुला दवाखान्यात नेलं होतं. पोरीचा जन्म. मी शाई वाळायच्या आत धावत आलो होतो, आठवतं ना?” बत्तीस वर्षं माझ्या मनात तो दिवस असाच आहे. ओली शाई, टेलिफोनवरचा निरोप, हातावर डाग तसाच ठेवून मी दवाखान्याच्या पायऱ्या चढतोय, आणि नर्स म्हणतेय, आधी हात धुवा. म्हणून घाई झाली. म्हणून तुटक रेघ सलग झाली. ही माझी लाडकी सबब, कुणी न विचारताही मी ती स्वतःला देत आलोय. बायकोनं घडी घालता घालता मान वर केली. “काहीतरीच काय? पोरगी तेव्हा रांगत होती. तुम्ही ते चित्र घरी आणून मला दाखवलं होतं, आणि तिनं त्याचा कोपरा तोंडात घातला म्हणून तुम्ही तिला फटका मारलात. पहिला फटका. मी विसरेन का?” मी म्हणालो, “मग शाईचा हात?” “तो दुसऱ्या कसल्या चित्राचा असेल. तुमचे हात कायमच बरबटलेले.” आणि ती टॉवेल उचलून आत गेली.

म्हणजे घाई नव्हतीच. टेलिफोन नव्हता, दवाखाना नव्हता. एक स्वस्थ दुपार होती, खिडकी उघडी होती, आणि मी मजेत बसून ती रेघ ओढली होती, कारण चित्र अर्धवट दिसलेलं मला आवडलं नसतं. माझ्याच डोक्यानं मला वर्षानुवर्षं बनवलं, आणि किती बेमालूम. नर्सचा आवाज घातला, पायऱ्या घातल्या, सगळं सलग रेघेनं. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. त्याला निदान संशय तरी आला होता. मग एकदम भीती वाटली. वाटलं, माझं हे बाकीचंही असंच असेल तर? खालचा तुकडा मी पाहिला नव्हता हे तरी खरं का? कदाचित पाहिला असेल. कदाचित सापडला होता, आणि मास्तरांना मी खरंच सांगितलं होतं, आणि आता त्या बाईच्या डोळ्यांत पाहून मला उगीच गुन्हेगार व्हायची हौस आलीय. हा विचार इतका सोयीचा होता की मी त्याला घट्ट धरून अंथरुणावर पडलो.

सकाळी नऊला ड्रॉइंग सेक्शनची किल्ली मीच लावली. कच्ची चित्रं सपाट खणांच्या लोखंडी कपाटात असतात, वर्षवार. पेन्सिलीची कच्ची चित्रं आमच्याकडे टाकत नाहीत, आणि इमारतीबाहेर तर कधीच नेत नाहीत. खण अडकला होता, गुडघा लावून ओढला. वरून सतरावा की अठरावा कागद. पिवळा पडलेला, पण पेन्सिल जशीच्या तशी. वरचा भाग सलग. आणि खाली, जिथं लाकूड चिरफळलं होतं तिथून, बारीक, सारख्या अंतरावरच्या, देखण्या तुटक रेघा. तुटकी भोकं, एक, दोन, तीन. शेजारी माझ्याच अक्षरात, ‘खालचा भाग उपलब्ध नाही.’ मी पाहिला नव्हता. कपाटावर हात टेकवून उभा राहिलो. हा कागद सोडला तर जगात माझ्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता. वस्तू नाही, मास्तर नाहीत. आणि टेबलावर खोडरबर होतं. मी सांगतो ते खरं सांगतो, मी ते उचललं. एक छोटीशी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी, पुसली. फुंकर मारून चुरा उडवला. जागा स्वच्छ झाली, इतकी सहज. बत्तीस वर्षांपूर्वीसारखाच हात अजिबात थरथरला नाही, आणि त्याचीच मला शिसारी आली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि ती रेघ होती तिथं परत काढली. पावणेदहा झाले होते.

मॅडम खोलीत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, टीप वाचली, चष्मा काढून ठेवला. त्या हुशार आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. “तुमचं म्हणणं काय आहे?” “खालची तीन मी मनानं काढली. शाई करताना सलग केली.” “बत्तीस वर्षांनी सांगताय?” “हो.” “का?” मी म्हातारबाबांचं सांगितलं, अकरा वाजताचं सांगितलं. “मला वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. “पण नीट बघा. या कागदावर एवढंच लिहिलंय की त्या दिवशी खालचा भाग नव्हता. नंतर सापडला नाही हे कोण सांगणार? तुम्हीच. आणि तुमच्या मास्तरांची सही सांगते की सापडला. उद्या कुणी विचारलं, साठीला आलेल्या माणसाला हे नक्की आठवतंय कशावरून, तर?” मला कालचा टॉवेल आठवला, कालची घडी. त्या पुढे म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. बाहेरच्या भिंतीवर सहा फुटांची हाकारी रंगवून घेतोय, खाली तुमचं नाव. मान राखून जा. वर्षभरानं मी स्वतः एक टीप छापते, कुणाचं नाव न घेता. हे परत खणात ठेवा.” अजिबात वाईट बाई नव्हती ती. देत होती ते चांगलंच होतं. वर्षभरानं. मी म्हटलं, “बरं.” कागद गुंडाळला, बाहेर आलो, खणाकडे वळायचं तर पाय जिन्याकडे गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला सलाम केला आणि हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं नाही. चौतीस वर्षांत त्याच्यावर माझी झडती घ्यायची कधी वेळ आली नव्हती. रिक्षात बसलो तेव्हा मी मोठ्यानं हसलो असेन, कारण रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

जुन्या धक्क्यामागच्या चाळवजा इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दहा पस्तीस. दार तिनंच उघडलं. आज गणवेश नव्हता, साधी साडी होती, हातात डॉक्टरांची फाइल. मी म्हणालो, “चित्र मी काढलंय.” तिनं एवढंच म्हटलं, “मला कालच वाटलं होतं. आत या.” मग हलक्या आवाजात, “आज पहाटेपासून वेगळेच झालेत. हसतायत, गुणगुणतायत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मला तर जास्तच भीती वाटतेय.” खोली एकच, खिडकीला नदी. पुलाचे खांब दिसत होते. म्हातारबाबा कॉटवर दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते आणि संग्रहालयानं भेट दिलेली ती सहा भोकांची हाकारी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. सहाही भोकांवर बोटं ठेवायची खटपट चालली होती. “बाबा, हे चित्रवाले,” ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. “चांगलं चित्र आहे हो तुमचं. मला जरा वेळ लागला समजायला.”

मला, कबूल करायला हवं, एक प्रकारचा आनंद होत होता. मी यांचं काहीतरी परत द्यायला आलो होतो. मी कॉटवर कागद उलगडला, दोन्ही टोकं हातांनी दाबून धरली. “बाबा, आमच्यात एक रीत आहे. सलग रेघ म्हणजे पाहिलेलं. अशी तुटक म्हणजे न पाहिलेलं, नुसता अंदाज. ही खालची तीन भोकं मी कधी पाहिली नाहीत. तो तुकडा नव्हताच. मी मनानं काढली आणि छापताना खोटं केलं. तुमचं बरोबर होतं. हाकारीला तीनच.” त्यांच्या लेकीनं एवढा मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. ती त्यांच्यापुढे बसली, त्यांचे गुडघे धरून हलवले. “ऐकलंत का बाबा? तुमचं डोकं शाबूत आहे. मी तुम्हाला कुठंही पाठवत नाही.” तिला रडू येत होतं आणि ती हसत होती.

म्हातारबाबा हसले नाहीत. त्यांनी हाकारी बाजूला ठेवली आणि कागदावरच्या तुटक रेघांवरून बोट फिरवलं, वरून खाली, एकेक. “तीनच?” “तीनच.” “म्हणजे एका हाताची.” “एका हाताची,” मी म्हणालो. अजूनही मला काही कळलं नव्हतं. ते खिडकीकडे वळले. मग कुणालाही न उद्देशून बोलू लागले, सावकाश, जड ओझं एकेक पायरी उतरवावं तसं. “मी पहाटे पडल्या पडल्या विचार केला. म्हटलं, सहा भोकं म्हणजे दोन्ही हात हाकारीवर. बरोबर? मग सुकाणूवर कोण होतं? मी तर नसणार. त्या दिवशी धुक्यात हाकारी मी वाजवत होतो, हे तर सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणजे नाव दुसराच कुणी हाकत होता. बांधकाम चाललेल्या पुलाच्या खांबावर नाव घातली ती त्यानं. हिची आई पडली ती त्याच्या हातून. मी फक्त वाजवत होतो. इतकी वर्षं मला उगीच वाटत आलं.”

त्यांच्या लेकीचे हात त्यांच्या गुडघ्यांवरून गळून खाली आले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. “आई बुडाली, एवढंच मला ठाऊक होतं,” ती पुटपुटली. “सुकाणूवर कोण होतं ते मी कधी विचारलं नाही.” मला तो कागद तिथून ओढून घ्यावासा वाटला, पुन्हा गुंडाळावासा वाटला, म्हणावंसं वाटलं, नाही हो बाबा, माझीच गफलत, सहाच असतात, सहाच. तोंड उघडलंसुद्धा. पण माझी बोटं अजून कागदाच्या टोकांवर दाबलेली होती आणि त्यांचं बोट शेवटच्या भोकाशी येऊन थांबलं होतं.

त्यांनी डावी मूठ अर्धी मिटून बाजूला धरली, उजवा हात तोंडाशी नेला, आणि आपल्याच दोन्ही हातांकडे पाहिलं. “एकात सुकाणू, एकात हाकारी,” ते म्हणाले. “नावेत अकरा माणसं. तिनं हात पुढे केला होता. मी पाहिला. धरायला माझा एकही मोकळा नव्हता.” मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, चपला पायांनी चाचपून घातल्या आणि लेकीकडे वळले. आवाज अगदी शांत होता. “चल, अकरा वाजत आले. डॉक्टरांना सांग, मला सगळं नीट आठवतंय.”